पाण्याखालची पायरी

श्रावणातल्या सोमवारी सकाळी खानदेशात कानबाई देवी नदीवर निघते. डोक्यावर पाट, पाटावर नटवलेली कानबाई, पुढे वाजंत्री, मागे सगळी भाऊबंदकी. घाटावर आल्यावर वाजंत्री थांबत नाही, उलट आणखी चढतं. जिच्या डोक्यावर पाट आहे तिला मान खाली घालता येत नाही. ती पायाने पाहते. अंगठ्याने पुढच्या पायरीची कड चाचपते, टाच टेकवते, मग दुसरा पाय उचलते. दहा पायऱ्या एकाच उंचीच्या लागल्या की अंगाला त्या उंचीची सवय होते. मग अकरावी दोन बोटं खोल निघाली तरी तोल जातो. पाण्यात शिरल्यावर तर पायरी दिसतच नाही. श्रावणात तापीचं पाणी चहाच्या रंगाचं असतं.

घाट सुरक्षित आहे का, हे या बाईच्या पायाला विचारायचं. मला वाटतं, जुन्या घाटांच्या जीर्णोद्धारावर जो पैसा खर्च होतो त्यातला फार थोडा या पायापर्यंत पोचतो. वर कमान होते, पेव्हर ब्लॉक बसतात, हायमास्ट उभा राहतो, बाकडी येतात. पाण्याखालच्या पाच-सात पायऱ्या, त्यांच्या पायथ्याचा दगड आणि त्या दगडाखालची वाळू मात्र तशीच राहते. घाट खचायला लागतो तो नेमका तिथून. म्हणून घाटाची दुरुस्ती खालून वर करावी लागते.

खानदेशात हे काम सोपं नाही, आणि त्याला कारण नदी आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहून समुद्राला मिळते. चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, पुढे रामेश्वरला गिरणा, मुडावदला पांझरा, प्रकाशाला गोमाई. आपले मोठे घाट आणि देवळं बरीचशी या संगमांवर आहेत. दोन नद्यांचा पूर एका वेळी येतोच असं नाही, आणि एकीचा पूर दुसरीच्या पाण्याला अडवून धरतो. शिवाय पाऊस पडतो बैतूलला नाहीतर विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात, आणि पाणी चढतं आपल्या पायरीवर. वर लख्ख ऊन पडलेलं, घाटावर ऋषिपंचमीच्या अंघोळी चाललेल्या, आणि तिकडे हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी काही उघडलेले. श्रावण-भाद्रपदातच गर्दी आणि श्रावण-भाद्रपदातच पूर, हे आपल्या घाटांचं मूळ दुखणं.

त्यात बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे आले. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे तापी अडवल्यापासून त्या पट्ट्यात नदीचं वेळापत्रकच बदललं. पूर्वी माघ-फाल्गुनात पाणी उतरायचं, खालच्या पायऱ्या उघड्या पडायच्या, उन्हात शेवाळ वाळून जायचं, गवंडी सहज खाली उतरून सुटलेला दगड बसवून यायचा. आता पावसाळ्यात दरवाजे उघडे आणि पावसाळा सरला की साठा, त्यामुळे त्याच पायऱ्या महिनोन् महिने पाण्याखाली असतात. त्यांच्यावर गाळ बसतो, शेवाळाचा थर जाड होतो. कुठला दगड निखळला, कुठे पोकळी पडली, कुणाला कळत नाही. पाय घालणाऱ्याला कळतं, तेही पडल्यावर.

तेव्हा कामाची सुरुवात मोजणीने, आणि मोजणी पाण्याखालची. ऑक्टोबरात पूर ओसरला की एक नाव घ्यायची, दहा-दहा सेंटिमीटरवर खुणा केलेला बांबू घ्यायचा आणि घाटाच्या रुंदीत दर २ मीटरवर एक रेघ धरून काठापासून नदीत १५ मीटरपर्यंत खोली मोजत जायचं. प्रत्येक पायरीच्या कडेला एक आकडा, पायऱ्या संपल्या की दर मीटरला एक. हे काम कोळी-भोई मंडळींना बरोबर घेतल्याशिवाय करू नये. डोह कुठे आहे, भोवरा कुठल्या पाण्यात फिरतो, कुठली पायरी ‘खाऊन गेली’ आहे, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत असतं. त्यांनी सांगितलेली जागा आणि बांबूचा आकडा जुळला की तिथे लाल खूण करायची.

वरच्या कोरड्या भागात प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा. ऑइलपेंटने नको, तो दगडात मुरतो आणि पन्नास वर्षं राहतो. पातळ कालवलेल्या चुन्याने लिहावं किंवा दोन दगडांमधल्या दरजेत पत्र्याची चकती अडकवावी. सरळ समोरून फोटो, ओळंब्याने उतार, लेव्हल ट्यूबने प्रत्येक ओळीची उंची. मधल्या ओळी पोट काढल्यासारख्या पुढे आल्या असतील तर आत पाणी अडतंय. ओळ मधोमध खाली बसली असेल तर खालून माती गेलीय. ही दोन दुखणी वरून सारखीच दिसतात आणि त्यांचे इलाज अगदी वेगळे आहेत. यात चूक झाली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो.

कागदपत्रांचं काम याच महिन्यांत उरकावं. चांगदेवाचं मंदिर, थाळनेरच्या कबरी ही राष्ट्रीय संरक्षित स्मारकं आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, आणि दुरुस्तीलाही लेखी परवानगी लागते. साधा रॅम्पसुद्धा नवं बांधकाम ठरू शकतो, हे आराखडा काढण्याआधीच लक्षात घ्यावं. प्रकाशासारख्या गावी आणखी एक जबाबदारी येते. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर वर आले. अशा काठावर जेसीबीचा एक हात फिरला की हजारो वर्षांची ओळ पुसली जाते. तिथे खणायचं ते फावड्याने आणि जाणकार माणूस शेजारी उभा करून. जलसंपदा विभागाकडून निळी आणि लाल पूररेषा घ्यावी. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषा घाटाच्या नकाशावर प्रत्यक्ष पायऱ्यांच्या क्रमांकासकट उमटल्या पाहिजेत. बाकीचे सगळे निर्णय त्यांच्यावर टांगलेले आहेत.

आणि घाट कुणी बांधला, याची घाई नको. कुठलाही जुना घाट दिसला की ‘अहिल्याबाईंचा’ म्हणायची आपली रीत आहे. त्यांनी देशभर इतकं बांधलं की ती चूक प्रेमापोटी होते. पण नामफलक कोरण्याआधी जुने कागद पाहावेत, धुळ्याच्या राजवाडे मंडळाची दफ्तरं चाळावीत. कागद मिळाला नाही तर फलकावर फक्त दुरुस्तीचं वर्ष घालावं.

आता पायथा. घाट म्हणजे काठाच्या उतारावर टेकवलेली दगडांची पायरीबंद भिंत. तिचं सगळं वजन शेवटी सर्वांत खालच्या ओळीवर येतं. पूर त्या ओळीपुढची वाळू उकरून नेतो. वाळूउपशामुळे पात्र खाली गेलं असेल तर पुराला उकरायचीही गरज उरत नाही, पायथा आधीच उघडा पडलेला असतो. खालची ओळ अधांतरी झाली की तिच्यामागची बारीक माती पाण्याबरोबर झिरपून जाते आणि वरच्या ओळी एकामागून एक बसतात. अशा वेळी वरची भेग सिमेंटने बुजवणं म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावणं.

इलाज दोन टप्प्यांचा आहे. पायथ्याला लागून पात्राच्या तळाखाली दीड ते दोन मीटर जाणारी, किंवा त्याआधी कातळ लागला तर कातळात रुतलेली भिंत. आणि तिच्यापुढे मोठ्या दगडांची सैल रास. रास बांधायची नाही, सैलच ठेवायची. पूर पुढून वाळू काढतो तसतसे दगड आपोआप घसरून त्या उतारावर पसरतात आणि पायथा झाकतात. पुरात जेवढ्या खोलीपर्यंत वाळू जाईल असा हिशेब निघेल, त्याच्या दीडपट रुंदी राशीला द्यायची. म्हणजे २ मीटर उकरण्याची भीती असेल तर ३ मीटर रुंद. एकही दगड ४० किलोच्या आतला नको, हलके दगड पहिल्याच पुरात पुढच्या गावाला जातात. मोठा दगड मिळत नसेल तर तारेच्या जाळीच्या पेट्या चालतात. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच, आत १५ ते २५ सेंटिमीटरचे दगड हाताने रचलेले. ट्रॉलीतून ओतलेली पेटी वर्षभरात पोटात खचते आणि जाळी फाटते.

यासाठी पायथा कोरडा करावा लागतो. मातीने भरलेल्या पोत्यांच्या दोन रांगा, मध्ये चिकणमाती ठोकलेली, उंची पाण्यापेक्षा अर्धा मीटर जास्त. आतलं पाणी पंपाने काढताना पंपाचं तोंड सरळ वाळूत ठेवायचं नाही. बाजूला खड्डा करून त्यात खडीच्या थरात भोकं पाडलेला पिंप बसवायचा आणि पाणी पिंपातून उपसायचं. नाहीतर पाण्याबरोबर बारीक वाळूही उपसली जाते, आणि जो पायथा वाचवायला निघालो तोच कामाच्या चौथ्या दिवशी सरकतो. हा अपघात नेहमीचा आहे आणि त्यात खाली काम करणारी माणसं दगडाखाली सापडतात. उपसलेलं पाणी गढूळ येऊ लागलं की पंप बंद करून माणसं वर घ्यायची.

पायथ्याच्या भिंतीला सिमेंट काँक्रीट चालतं, नव्हे तिथे तेच हवं. सिमेंटशी वैर धरायचं कारण नाही. त्याची जागा पाण्याखाली, नव्या कामात आहे. जुन्या दगडाच्या अंगाला ते लागू द्यायचं नाही. दोन्हींमध्ये चुन्याचा थर ठेवायचा.

का, ते पोट काढलेल्या ओळी सांगतात. पूर येतो तेव्हा पायऱ्यांमागच्या भरावातही पाणी भरतं. पूर झपाट्याने उतरला, किंवा बॅरेजचे दरवाजे उघडले, की नदीचं पाणी एका रात्रीत दोन-तीन मीटर खाली जातं, पण भरावातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. ते मागून पायऱ्यांना ढकलतं. जुन्या घाटाच्या चुन्याच्या दरजा श्वास घेतात, त्यांतून ते पाणी पाझरून जायचं. कुणीतरी ‘मजबुती’ म्हणून त्या सगळ्या दरजा सिमेंटने गच्च भरतं, आणि चार पावसाळ्यांत घाटाचं पोट पुढे येतं. त्यातून भराव काळ्या मातीचा असला तर बघायलाच नको. आपली काळी माती पावसात फुगते, वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. दरवर्षी दगडाला एक धक्का पुढे, एक मागे.

म्हणून जिथे ओळी उतरवाव्या लागतील तिथे मागची काळी माती पूर्ण काढायची आणि मुरूम व दगड भरायचे. मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. पायऱ्यांमागे पाणी गाळणारे थर: दगडाला लागून ४० मिलिमीटरची खडी, तिच्यामागे १० ते २० मिलिमीटरची, तिच्यामागे जाड वाळू. दर दीड मीटरवर १० सेंटिमीटरचा पाइप, तोंड नदीकडे किंचित उतरतं, मागच्या टोकाला जाळी. गावातली गटारं घाटामागून काढलेली असतील तर ती आधी वळवायची. तापीकाठची गाळाची माती किती सहज घळी पाडते हे यावल-रावेरकडचा काठ पाहिला की कळतं. एका गटाराचं पाणी चांगल्या घाटाला मागून पोखरायला पुरेसं आहे.

आता एक दगड जवळून पाहू. १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद, २५ सेंटिमीटर उंच, काळा बसाल्ट. दहावा भाग घनमीटर, म्हणजे सुमारे २८०-२९० किलो. वरचा पृष्ठभाग पावलांनी गुळगुळीत झालेला, पुढची कड गोल झालेली. डाव्या दरजेत पिंपळाचं रोप, बोटभर जाड. रोप हाताने उपटलं तर वर पान येतं, मूळ आत राहतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटतं. दोराने ओढलं तर दरजही निघते. मीठ टाकायचा गावठी उपाय दगडाला आणि चुन्याला खातो. तणनाशक नदीच्या काठावर वापरू नये, तिथे लोक आचमन करतात. रोप लहान असेल तर दरज छिन्नीने उकरून मुळासकट काढायचं. मूळ मनगटाएवढं असेल तर दगड उचलावाच लागतो: तीन खांबांची तिवई, दीड-दोन टनी चेन पुली, पट्ट्याखाली गोणपाट, कडेला लाकडाची फळी. पहारीने कड उचकटली की तिचा टवका उडतो, आणि कोपरा गेलेली पायरी पायाला फसवते. मूळ काढल्यावर खाली पाहिलं तर बहुतेक वेळा दगडाखालचा चुना पीठ झालेला दिसतो. तेवढा खरवडून, जागा धुऊन, नवा चुना पसरून तोच दगड त्याच क्रमांकावर परत.

चुना कुठला, यावर सगळं अवलंबून आहे. बाजारातला पांढराशुभ्र चुना हवेत सुकून घट्ट होतो, पाण्याखाली तो कधीच घट्ट होत नाही. घाटाला पाण्यात धरणारा चुना लागतो. पूर्वी तो नदीकाठच्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठी भाजून करत. त्या गाठींत मुळातच चिकणमाती असते, म्हणून तो पाणी सहन करतो. आता तो मिळाला नाही तर साध्या चुन्यात सुरखी, म्हणजे विटेची पूड घालायची: १ भाग विझवून किमान १५ दिवस मुरवलेला चुना, १ भाग सुरखी, १ भाग धुतलेली जाड वाळू. सुरखी मंद भाजलेल्या विटेचीच हवी. काळीनिळी पडलेली, काचेसारखी वीट दळून काही उपयोग नाही, ती चुन्याशी जुळत नाही. मिश्रण चुना दळायच्या घाणीतून काढावं. फावड्याने कालवलेल्यात चुन्याच्या गुठळ्या राहतात आणि त्या नंतर दरजेत फुगतात. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालायची रीत चांगली आहे, पण बेताने. गूळ जास्त झाला की चुना लवकर धरत नाही आणि मुंग्यांची रांग लागते. मिश्रण आधी लहान प्रमाणात करून, एक गोळा ओल्या फडक्यात आठवडाभर ठेवून मग पाण्यात टाकून पाहावा. विरघळला तर तो चुना घाटाला लावायचा नाही.

आणि इथे आपलं ऊन आडवं येतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दरजेतला चुना धरण्याआधीच वाळतो आणि भुकटी होतो. म्हणून दरज भरायच्या आधी दगड पाण्याने तृप्त करायचे, काम सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर, आणि भरलेल्या दरजेवर ओलं गोणपाट १४ दिवस. पाणी मारायला एक माणूस पगारी नेमावा. ‘येता-जाता मारू’ म्हणून कुणी मारत नाही. पहिला पूर येण्याआधी चुन्याला किमान महिना मिळायला हवा, म्हणून माझं ठाम मत आहे की अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर घाटावर चुन्याची एकही दरज भरू नये.

पण पायथा कोरडा मिळतो तोच मुळी मेमध्ये, शेतीचा उपसा होऊन साठा उतरल्यावर. म्हणजे वरच्या कामाचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल आणि खालच्या कामाचा मे. खालून वर जायचं तर एका उन्हाळ्यात हे बसतच नाही. पहिल्या मेमध्ये पायथा, मग एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यायचा, दिवाळीनंतर तो तपासायचा आणि दुसऱ्या फेब्रुवारीत पायऱ्यांना हात लावायचा. आपल्याकडे मात्र निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. नदी म्हणते मेपर्यंत थांब, हिशेब म्हणतो मार्चमध्ये संपव. मग जे मार्चपर्यंत दिसतं तेच होतं, म्हणजे वरची फरशी. हे कुणा एकाच्या वाईटपणामुळे होत नाही, आणि म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं. अंदाजपत्रक करतानाच पायथा आणि पायऱ्या अशी दोन स्वतंत्र कामं दोन वर्षांत दाखवली आणि मेमधल्या पाणीपातळीबद्दल पाटबंधारेवाल्यांशी आधीच लेखी ठरवलं, तर या कोंडीतून वाट निघते.

पायऱ्यांच्या उंचीचा प्रश्न नाजूक आहे. आजच्या नियमाने सार्वजनिक जिन्याची पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच आणि ३० पेक्षा अरुंद नको. जुन्या घाटाच्या पायऱ्या २५ सेंटिमीटर उंच असणं नेहमीचं. म्हाताऱ्या गुडघ्याला ती चढण जड जाते. म्हणून जुने दगड तासायचे का? मुळीच नाही. पायरी ६० सेंटिमीटर रुंद असेल तर घाटाच्या एका बाजूला तीनेक मीटरच्या पट्ट्यात प्रत्येक पायरीवर साडेबारा सेंटिमीटर उंच, ३० रुंद असा एक घडीव दगड चुन्यावर बसवता येतो. एका पायरीच्या दोन होतात, आणि उद्या नको वाटल्या तर उचलता येतात. पायरी ४० सेंटिमीटरच रुंद असेल तर हे करायचं नाही, पाय टेकवायला २०-२० सेंटिमीटर उरतील आणि उतरताना टाच घसरेल. तिथे शेजारी वेगळा जिनाच करावा.

रॅम्पचा हिशेब तर लोक करतच नाहीत. उतार १२ ला १. घाट ६ मीटर खोल असेल तर ७२ मीटर उतार. दर ९ मीटरला थांबायला दीड मीटरची सपाट जागा, म्हणजे अशा सात. एकूण साडेब्याऐंशी मीटर. २० मीटर रुंद घाटावर हा नागमोडी रॅम्प घातला तर घाट उरतच नाही. रॅम्प घाटाच्या बाजूने, काठाला समांतर, नेहमीच्या पाण्याच्या वरच्या एखाद्या ओट्यापर्यंत न्यावा आणि त्या ओट्यावर तापीचंच पाणी हौदात आणावं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तापीस्नान घडलं पाहिजे. त्यासाठी त्याला गाळात उतरवायची गरज नाही.

गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची, जात्याला लावतात तशी. पुढच्या कडेपासून ८ सेंटिमीटरपर्यंत, ३-४ मिलिमीटर खोल, दीड-दोन सेंटिमीटर अंतराने, कडेला समांतर. वडार समाजातला पाथरवट हे काम डोळे झाकून करतो. चकचकीत ग्रॅनाइट, टाइल, संगमरवर पाण्याजवळ नकोच. ओला झाला की तो काचेसारखा होतो. शेवाळ काथ्याच्या ब्रशने आठवड्याला घासायचं. अ‍ॅसिड चुना खातं, जोरदार प्रेशर पंप दरज उडवतो.

कठड्याबद्दल मतभेद आहेत, आणि माझं मत इथे स्पष्ट आहे. पाण्याला समांतर, पायऱ्यांवर आडवा पक्का कठडा निळ्या रेषेच्या खाली घालू नये. कारण केळी. रावेर-यावलच्या पट्ट्यातून पुरात केळीची खोडं वाहत येतात, त्यांच्याबरोबर बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक, जुने कपडे. हे सगळं कठड्याला अडकतं, बघता बघता बांध तयार होतो, आणि मागे साचलेल्या पाण्याचा रेटा कठडा तर उखडतोच, ज्या दगडात तो बसवलाय तो दगडही घेऊन जातो. त्याऐवजी साखळ्या वरून खाली सोडाव्यात, पायऱ्यांच्या दिशेने, दर ३ मीटरवर एक. वर कडी, खाली पाण्यातल्या ओट्यावर कडी, मध्ये दगडावर पडलेली साखळी. पुराला अडवत नाही आणि दोन्ही बाजूंनी हाताला लागते. कडीला स्टेनलेस स्टीलच, २५ सेंटिमीटर खोल भोकात, न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये. साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. जुने कारागीर याच कारणाने लोखंडाभोवती शिसं ओतत. निळ्या रेषेच्या वर आणि रॅम्पला मात्र कठडा हवाच, ९० सेंटिमीटर उंचीवर एक दांडी आणि मुलांसाठी ७० ला दुसरी.

पाण्याखाली एक ओटा करावा: नेहमीच्या पातळीला ६० सेंटिमीटर खोल, २ मीटर रुंद, खडबडीत. अंघोळ तिथपर्यंतच. त्याची कड तरंगत्या पिंपांच्या दोराने दाखवायची, रंग भगवा किंवा पिवळा, आणि पाणी ओट्यावर मीटरभर चढलं की घाटावरचा तो भाग बंद करायचा. त्यासाठी काठाच्या दगडावर मीटरच्या खुणा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने रंगवायच्या, म्हणजे धरणावरून येणारा आकडा आणि घाटावरचा आकडा एकच बोलतील. दर २५-३० मीटरवर एक जीवरक्षक ट्यूब आणि ३० मीटर तरंगता दोर, कुलुपाशिवाय. कुलूप लावलेली ट्यूब कामाच्या वेळी मिळत नाही. विजेचा बोर्ड लाल रेषेच्या वर, आणि त्याला ३० मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर.

पूर ओसरू लागला की फावडी तयार हवीत. गाळ ओला असताना, पाणी एकेक पायरी सोडत जातं तसतसा, वाहत्या पाण्यात ढकलायचा. दोन दिवस उन्हात राहिला तर तो विटेसारखा होतो आणि कुदळीने काढताना कडा फुटतात. सगळ्यात खालची ओळ पाण्याबाहेर आली नाही तरी तिच्यावरचा गाळ बांबूला फळी बांधून ओढायचा, कारण अंघोळीला येणारा माणूस त्याच ओळीवर उभा राहणार आहे.

मग दिवाळी झाली, पाणी निवळलं की परत नाव, परत तोच बांबू, त्याच रेघा. गेल्या वर्षी जिथे बांबू १८० सेंटिमीटरला टेकला होता तिथे यंदा पाण्याची पातळी तीच असताना २४० ला टेकला, तर राशीपुढची ६० सेंटिमीटर वाळू गेली. तो आकडा तारीख घालून वहीत लिहायचा, आणि त्या रेघेवर दगडांची एक ट्रॉली जास्त टाकायची.